चमत्कार म्हणू नका, त्या आधीचा जानेवारी पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत खेळातल्या चमत्कारांवर तुम्ही पानभर मजकूर दिला होता. त्यात क्रिकेटला अर्धं पान, फुटबॉलला पाव पान, आणि खाली उरलेल्या जागेत एक चौकट, की 2018 मध्ये अमेरिकेतल्या यूएमबीसी नावाच्या एका अज्ञात कॉलेजने व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या नंबर एकच्या बास्केटबॉल टीमला हरवलं, असं इतिहासात पहिल्यांदाच घडलं आणि तो निव्वळ चमत्कार होता. तीन वाक्यं. त्यात अज्ञात हे चूक, पहिल्यांदाच हे तर साफ चूक, आणि चमत्कार हा शब्द मला अजिबात मान्य नाही, म्हणून लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे हे मला माहितीये, कापायचं ते कापा पण मुलींचा भाग ठेवा, तो शेवटी येईल.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल या बाईंना काय कळतंय. कॉलेजात असताना मी स्वतः बास्केटबॉल खेळलेय, गार्ड म्हणून, उंची बेताची त्यामुळे दुसऱ्या कुठल्या जागेवर कोणी उभंच केलं नसतं. माझी मुलगी एमएस करायला याच तुमच्या अज्ञात कॉलेजात होती, पूर्ण नाव युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी, आणि 2017 च्या डिसेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत मी तिच्याकडे राहायला होते. म्हणजे तो सीझन मी अगदी जवळून पाहिलाय, नोव्हेंबर हुकला तेवढा सोडा.

अज्ञात म्हणजे कोणाला अज्ञात हो? ज्यांचं पोर कॉम्प्युटरचं एमएस करायला अमेरिकेत गेलंय अशा चार आईबापांना विचारा, त्यातल्या दोघांना तरी नाव माहीत असेल. कॉलेज 1966 चं, म्हणजे तिकडच्या मानाने अगदी कालचं, आणि नाव कशासाठी होतं तर बुद्धिबळासाठी. खरंच सांगते, चेस खेळणाऱ्यांना स्कॉलरशिप देऊन आणायचे, कॉलेजांच्या चेस स्पर्धा वर्षानुवर्षं जिंकायचे, मुलगी पहिल्या वर्षी फोनवर म्हणाली होती की आई इथे स्पोर्ट्स म्हणजे चेस. त्या वेळचे अध्यक्ष फ्रीमन ह्राबोव्स्की, गणितातला माणूस, 1963 मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला वर्णभेदाविरुद्ध लहान मुलांचे मोर्चे निघाले त्यात बारा वर्षांचा असताना तुरुंगात गेलेला, आणि 1992 पासून हे कॉलेज चालवणारा. अशा ठिकाणी बास्केटबॉलचं काय कौतुक असणार. आणि कौतुक करण्यासारखं काही नव्हतंच, कारण 2009-10 पासून 2015-16 पर्यंत सलग सात सीझन या टीमने प्रत्येक सीझनला वीस किंवा त्याहून जास्त मॅच हरल्या होत्या. शेवटच्या वर्षी 7 जिंकल्या आणि 25 हरल्या. मग 2016 मध्ये रायन ओडम नावाचा कोच आला आणि पहिल्याच वर्षी 21 जिंकल्या. तुमच्या चमत्काराची सुरुवात बघायची असेल तर ती इथे आहे, पण सात-पंचवीसवरून एकवीस-तेरावर जाणं याची बातमी कोण करतो, चौकटसुद्धा मिळत नाही त्याला.

कॅम्पसवर कुत्र्याचा एक पुतळा आहे, रिट्रीव्हर जातीचा, तोच त्यांच्या टीमचा मॅस्कॉट, नाव ट्रू ग्रिट. परीक्षेला जाताना पोरं त्याच्या नाकावर हात घासून जातात, आपण देवळात आत जायच्या आधी नंदीला हात लावतो तसं, त्यामुळे बाकी कुत्रा काळपट आणि नाक तेवढं झळझळीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं नाकालाच वेगळा मुलामा दिलाय. मी पण हात लावला, सोडते की काय.

आता जानेवारी. ऑल्बनी नावाच्या टीमशी मॅच होती, त्यांच्याच गटातली, काही फार मोठी टीम नाही. यूएमबीसी हरली 83-39. चव्वेचाळीस पॉइंटनी. ज्यांनी बास्केटबॉल खेळलाय त्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, कॉलेजची मॅच चाळीस मिनिटांची, वीस-वीसचे दोन हाफ, आणि चाळीस मिनिटांत 39 म्हणजे मिनिटाला एक पॉइंटसुद्धा पडला नाही. अशी मॅच खेळून परत येणाऱ्या बसमध्ये काय शांतता असते ते मला माहितीये, आम्ही एकदा असेच हरलो होतो आणि सगळ्याजणी झोपल्याचं सोंग घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हॉलवरून मी आणि मुलगी चालत चाललो होतो तर ती म्हणाली आई आपली टीम काल चव्वेचाळीसने हरली, आणि हसली. मी हसले नाही. व्हर्जिनियाला ज्यांनी हरवलं ना, ती हीच पोरं, तोच कोच, मध्ये फक्त आठ आठवडे. चमत्कार म्हटलं की हे आठ आठवडे गायब होतात.

आणि त्या आठ आठवड्यांत सगळं गोड गोड झालं असंही नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा नवा कोरा हॉल उघडला, पहिलीच मॅच व्हरमाँटशी, मुलीने आग्रह करून मला नेलं, बाहेर कडाक्याची थंडी, मी दोन स्वेटर आणि वर तिच्या रूममेटचं जॅकेट घालून गेले, आत रंगाचा वास येत होता, बँड वाजत होता, आणि टीम दणकून हरली. उद्घाटनालाच. व्हरमाँट त्यांच्या गटातली दादा टीम होती, यूएमबीसी त्यांच्याशी ओळीने तेवीस मॅच हरलेली होती असं पुढे वाचनात आलं, तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की हिरव्या कपड्यांतली व्हरमाँटची पोरं एकमेकांना न बघता पास देतायत आणि बॉल बरोबर पोचतोय. बघण्यासारखा खेळ होता तो, मी चुकून दोनदा टाळ्या वाजवल्या, मुलीने कोपर मारलं.

पण त्याच दिवशी मी एक पोरगा हेरून ठेवला, केजे मॉरा, पोर्टो रिकोचा. पाच फूट आठ इंच, वजन 63-64 किलो. त्या खेळात हे म्हणजे मोठ्यांच्या कबड्डीत पाचवीतला मुलगा उतरवल्यासारखं. सहा फूट सहा, सहा फूट आठवाल्यांच्या काखेतून बॉल घेऊन जायचा आणि शेवटच्या क्षणी मान न वळवता बाहेर उभ्या असलेल्याकडे सोडायचा. आणि दुसरा जायरस लाइल्स, तो त्यांचा मुख्य स्कोअरर. त्याची डिग्री आधीच झाली होती, मनात आणलं असतं तर शेवटच्या वर्षासाठी मोठ्या नावाच्या कॉलेजात जाता आलं असतं त्याला, नाही गेला. गंमत म्हणजे लाइल्सचे वडील व्हर्जिनियाचेच, तिथूनच अमेरिकन फुटबॉल खेळलेले, हे पुढे लक्षात ठेवा.

आता इथे तिकडची पद्धत समजावून सांगावी लागेल, कारण ती कळल्याशिवाय मार्च कळत नाही. अमेरिकेत साडेतीनशेच्या आसपास कॉलेजं या सगळ्यात वरच्या डिव्हिजनला खेळतात, ती तेव्हा बत्तीस गटांत वाटलेली होती, गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मार्चमधल्या देशपातळीवरच्या टुर्नामेंटला त्या वर्षी 68 टीम घेतल्या होत्या. मोठ्या कॉन्फरन्समधून सहा-सहा, आठ-आठ टीम निवडून जातात, पण अमेरिका ईस्ट नावाची ही छोटी कॉन्फरन्स, नऊ टीमची, हिच्यातून जातो एकच. आणि तो एक कोण, तर जो सीझनभर पहिला आला तो नव्हे, सीझन संपल्यावर त्यांची आपसात एक छोटी नॉकआऊट होते ती जिंकेल तो. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुम्ही कितीही जिंका, मार्चमधल्या एका संध्याकाळी पाय घसरला की संपलं. क्रूर पद्धत आहे. मला विचाराल तर अन्यायाचीच आहे, पण त्याच अन्यायामुळे सगळा देश मार्चमध्ये टीव्हीसमोर बसतो हेही खरं.

व्हरमाँटने कॉन्फरन्समधल्या 16 पैकी 15 मॅच जिंकल्या होत्या त्या वर्षी. फायनल त्यांच्याच घरी, बर्लिंग्टनला, जुन्या पद्धतीचा छोटा हॉल, खच्चून भरलेला. मी मुलीच्या फ्लॅटवर टीव्हीवर पाहिली, चार पोरी आणि मी, खिचडी गॅसवर. शेवटच्या मिनिटाला स्कोअर 62-62. बॉल लाइल्सकडे. सगळ्यांना माहीत की बॉल लाइल्सकडेच राहणार, व्हरमाँटलाही माहीत, तरी त्याने घड्याळ जवळजवळ संपवलं, जागच्या जागी बॉल टप्पे देत उभा राहिला, आणि मग लांबून थ्री-पॉइंटर टाकला. 65-62. ज्या टीमशी तेवीस मॅच सलग हरले होते तिच्याच घरी. खिचडी लागली खाली ते सांगायलाच नको. पण मला त्या रात्री झोपताना व्हरमाँटच्या पोरांचंच वाईट वाटत होतं, पंधरा-एकचा सीझन आणि एका शॉटने बाहेर, त्यांच्यावर तुम्ही कधी चौकट केलीत का?

यूएमबीसीला सोळावं सीड मिळालं. टुर्नामेंटमध्ये चार विभाग, प्रत्येक विभागात एक ते सोळा क्रमांक, आणि पहिल्याची मॅच सोळाव्याशी. 1985 पासून ही पद्धत आहे आणि पुरुषांमध्ये तोपर्यंत 135 वेळा पहिला विरुद्ध सोळावा झालं होतं आणि 135 वेळा पहिलाच जिंकला होता. पुरुषांमध्ये, बरं का.

समोर व्हर्जिनिया. 31 जिंकलेल्या, 2 हरलेल्या, चार पहिल्यांमधला पण पहिला. त्यांचा कोच टोनी बेनेट, आणि त्याची डिफेन्सची पद्धत वडिलांकडून आलेली, डिक बेनेट म्हणजे वडील तेही कोचच, नाव पॅक लाइन. कल्पना करा की बास्केटपासून साधारण सोळा फुटांवर एक अदृश्य रेघ आहे, बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगावर एकजण जातो आणि बाकीचे चौघं त्या रेघेच्या आत दाटीवाटीने उभे. आत शिरायला जागाच नाही. तुम्ही बाहेरून लांबचे शॉट मारत बसा, त्यातले बरेचसे जाणार नाहीत, रिबाउंड, म्हणजे चुकून उसळलेला बॉल, आमचा. आणि आक्रमण करताना घाई नाही, तीस सेकंदांचं घड्याळ असतं ते पूर्ण वापरायचं. सगळ्या अमेरिकेत सगळ्यात संथ खेळणारी टीम ती. समोरच्याला सरासरी चोपन्नच्या आसपास पॉइंट पडायचे मॅचमध्ये, देशात सगळ्यात कमी. काही लोकांना हे बघायला कंटाळवाणं वाटतं, मला नाही वाटत, मला ते एखाद्या जुन्या चिवट ओपनरच्या बॅटिंगसारखं वाटतं.

पण यातच मेख आहे बघा, आणि हे तुमच्या चौकटीत यायला हवं होतं. वनडेपेक्षा टी-ट्वेंटीत दुबळ्या टीमला जास्त चान्स का असतो, कारण ओव्हर कमी. पन्नास ओव्हर खेळलात तर चांगली टीम कधी ना कधी वर येतेच, वीस ओव्हरमध्ये एखाद्याची बॅट अर्धा तास चालली की झालं. संथ बास्केटबॉल म्हणजे तसंच, दोन्हीकडे बॉल कमी वेळा येतो, त्यामुळे चांगल्या टीमला आपला चांगुलपणा दाखवायला संधी पण कमीच. वरून पॅक लाइनमध्ये बाहेरचा शॉट तुम्ही समोरच्याला जवळजवळ देऊन टाकता, तो रोज जात नाही हे खरं, पण ज्या दिवशी जाईल त्या दिवशी काय? आणि त्यात त्यांचा डिआंद्रे हंटर, पुढे मोठा झाला तो, मनगट मोडल्यामुळे टुर्नामेंटच्या ऐन तोंडावर बाहेर गेलेला. हे सगळं आधीपासून तिथे होतं. चमत्कार आकाशातून पडला नाही.

16 मार्च, शुक्रवार, शार्लट शहरात मॅच, रात्री साडेनऊच्या सुमाराला सुरू झाली. लोकांनी धरलं होतं की व्हर्जिनिया वीस पॉइंटनी जिंकेल. हाफटाइमला 21-21. मुलीच्या रूममेट्स म्हणाल्या वा, निदान इज्जत तरी राहिली, एकीने फोटो काढून घेतला टीव्हीचा, की पुढे बिघडायच्या आधी पुरावा असू दे. मी मात्र गप्प होते, कारण मला दिसत होतं की मॉरा त्या रेघेच्या आत शिरतोय. शिरतोय, चौघं त्याच्याकडे वळतायत, आणि तो बाहेर सोडतोय. पहिल्या हाफमध्ये ते शॉट फारसे गेले नव्हते एवढंच.

दुसऱ्या हाफमध्ये गेले. लाइल्सने सुरुवातीलाच धडाका लावला, शेरबर्न नावाचा एक उंच पोरगा, कॉलेजात पैकीच्या पैकी ग्रेड असलेला, त्याने थ्री टाकले, एकदम चौदा-सोळाचा फरक पडला आणि व्हर्जिनियाला घाई करायची सवयच नव्हती. सीझनभर जी टीम पुढे राहून घड्याळ जिरवत आली तिला मागून पळत यायची वेळ आली तेव्हा पायात पाय अडकले, बाहेरून 22 शॉट मारले त्यातले 4 गेले. यूएमबीसीचे 24 पैकी 12. लाइल्सचे 28 पॉइंट, त्यातले 23 दुसऱ्या हाफमध्ये, वडिलांच्या कॉलेजविरुद्ध. शेवटी 74-54. म्हणजे ज्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये चोपन्न पॉइंट करणं लोकांना जड जायचं तिच्यावर या पोरांनी नुसत्या दुसऱ्या हाफमध्ये 53 केले. एका पॉइंटने निसटून जिंकले असते तर मी तुम्हाला चमत्कार हा शब्द वापरू दिला असता. वीस पॉइंटनी कोणी निसटून जिंकत नाही हो.

बाहेर पोरं थंडीत नुसत्या टी-शर्टवर ओरडत पळत होती, कॉलेजची वेबसाइट म्हणे बंद पडली इतके लोक त्यावर गेले, हे कॉलेज आहे तरी कुठे ते बघायला. टोनी बेनेटने लगेच टीव्हीवर येऊन सरळ सांगितलं की आज त्यांनी आम्हाला सगळ्या बाबतीत मागे टाकलं. पंच नाही, दुखापत नाही, नशीब नाही. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे.

रविवारी 18 तारखेला गुढीपाडवा होता. मुलींनी बाल्कनीत गुढी उभारली, काठी म्हणून झाडू काढलेला दांडा, कलश म्हणून स्टीलचा डबा, कडुनिंब कुठून आणणार, आणि साडी नव्हती तर एकीने कॉलेजचा काळा-सोनेरी टी-शर्ट लावला. मी आधी नको म्हणाले मग हो म्हणाले. त्याच दिवशी रात्री दुसरी मॅच, कॅन्सस स्टेटशी. 50-43 हरले. इतकी चुरशीची, घाणेरडी, कोणाचंच काही जात नाहीये अशी मॅच, आणि शेवटपर्यंत आवाक्यात होती, मला तर ती व्हर्जिनियापेक्षा जास्त लागली मनाला. सीझन संपला, 25 जिंकल्या, 11 हरल्या. त्या अकरांतली एक चव्वेचाळीसने. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी लॅबला गेली, त्या वेळी अख्खी अमेरिका तिच्या कॉलेजबद्दल बोलत होती आणि तिला मात्र असाइनमेंटची डेडलाइन होती.

पुढचं थोडक्यात सांगते कारण तेही चौकटीत नव्हतं. व्हर्जिनियाची तीच पोरं, तोच कोच, पुढच्या वर्षी परत पहिलं सीड, परत सोळाव्याशी मॅच, गार्डनर-वेब नावाची टीम, आणि सुरुवातीला एकदा चौदाने मागे पडली. मी इथे जागून बघत होते, तेव्हा मला वाटलं हे आता कायमचे वेडे होणार. सावरले, 71-56. मग पर्ड्यूशी जादा वेळेत, मग ऑबर्नशी 63-62, त्यात व्हर्जिनियाच्या काइल गाय याने घड्याळात 0.6 सेकंद उरले असताना तीन फ्री थ्रो टाकले, एक जरी चुकला असता तर अवघड होतं, आणि फायनल मिनियापोलिसला टेक्सास टेकविरुद्ध, परत जादा वेळेत, 85-77. चॅम्पियन. आदल्या वर्षी मनगट मोडून बसलेल्या हंटरने 27 पॉइंट केले. आता मला सांगा, एका संध्याकाळच्या त्या हरण्याला तुम्ही त्या टीमच्या नावापुढे कायमचं चिकटवून टाकलंत, पण 2019 चा एक शब्द नाही. चार अक्षरं जास्त लागली असती, चॅम्पियन लिहायला काय लागतं.

आणि रायन ओडम. हा पोरगा लहानपणी व्हर्जिनियाच्याच हॉलमध्ये बॉल उचलून द्यायचं काम करायचा, कारण वडील डेव्ह ओडम तिथे असिस्टंट कोच होते. मग मोठा होऊन त्याने त्याच टीमला असं हरवलं. मग बेनेटने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, सीझन तोंडावर असताना, अचानक निवृत्ती घेतली, आणि 2025 च्या मार्चमध्ये व्हर्जिनियाने नवा कोच म्हणून कोणाला बोलावलं? याच ओडमला. मी ही बातमी मुलीला पाठवली तर तिचा रिप्लाय आला की आई हे तुझ्या सिरीयलमध्ये घडलं असतं तर तूच म्हणाली असतीस काहीही दाखवतात.

बेनेट गेला त्यामागे एक कारण त्याने स्वतःच सांगितलं होतं, की आता कॉलेजचा खेळ बदललाय आणि त्या जगात चालवायला मी योग्य माणूस नाही. ते जग म्हणजे काय, तर 2021 पासून खेळाडूंना नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची मुभा मिळाली, आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना वर्षभर बाहेर बसायची अट पण गेली. मी याच्या विरोधात नाही, त्यांच्या जिवावर कॉलेजं आणि टीव्हीवाले कोट्यवधी कमवत होते आणि पोरांना फक्त फी माफ, हे काही बरोबर नव्हतं. पण आजच्या दिवसात एखादा लाइल्स तिसऱ्या वर्षी चमकला की त्याला उचलायला दहा मोठी कॉलेजं पैसे घेऊन उभी असतात, तो का थांबेल, आणि का थांबावं त्याने. सात-पंचवीसवरून टीम बांधत आणायला जो वेळ लागतो, तीच पाच पोरं तीन वर्षं एकत्र, एकमेकांना न बघता पास देण्याइतकी सवय, ती छोट्या कॉलेजांना आता मिळणं कठीण होत चाललंय. तरी 2023 मध्ये न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 हरवलंच, पुरुषांमध्ये सोळाव्या सीडने दुसऱ्यांदा, आणि ती टीम तर डिव्हिजनमधली सगळ्यात बुटकी होती, समोर सात फूट चार इंचाचा झॅक एडी. म्हणजे अगदीच आशा सोडायला नको.

आता मुलींचं, ज्यासाठी मुळात पेन उचललं. तुम्ही लिहिलंत इतिहासात पहिल्यांदाच. नाही. वीस वर्षं आधी, 1998 च्या मार्चमध्ये, महिलांच्या याच टुर्नामेंटमध्ये सोळाव्या सीडच्या हार्वर्डने पहिल्या सीडच्या स्टॅनफर्डला 71-67 हरवलं होतं. ते पण कुठे, तर स्टॅनफर्डच्या स्वतःच्या हॉलमध्ये, जिथे त्या आधी सलग 59 मॅच हरल्या नव्हत्या. हार्वर्डमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, आजही देत नाहीत, म्हणजे त्या पोरी अभ्यासाच्या जोरावर आत आलेल्या आणि खेळत होत्या. ॲलिसन फीस्टर नावाच्या मुलीने एकटीने 35 पॉइंट केले. स्टॅनफर्डच्या दोन मोठ्या खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने ऐनवेळी बाहेर गेल्या होत्या म्हणून काहीजण त्या जिंकण्याची किंमत कमी करतात, मग व्हर्जिनियाचा हंटरही बाहेर होताच की, तिथे कोणी किंमत कमी करत नाही.

2018 च्या त्या रात्री तिकडच्या टीव्हीवरही आधी पहिल्यांदाच, पहिल्यांदाच चाललं होतं, आणि मी सोफ्यावर बसून अहो पुरुषांमध्ये म्हणा, पुरुषांमध्ये म्हणा असं मराठीत ओरडत होते. तुमच्या पेपरात तर सात वर्षांनी पण तेच. एक शब्द घालायचा होता.

खुलासा छापणार असाल तर पूर्ण पत्राची गरज नाही, एवढं छापलं तरी चालेल: महिलांमध्ये हार्वर्ड, 1998, 71-67. आणि जागा उरली तर ऑल्बनीचा 83-39 पण टाका.

आपली,
तीस वर्षांपासूनची जुनी वाचक